ठोकळ्यांवरची गाडी

आमच्या गाडीला हिसके बसायला लागले तेव्हा मी गप्प बसले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण गप्प बसणं मला जमत नाही. खरं तर नुसतं बसणंही जमत नाही. मी दर घासाला पानावरून उठते असं सासूबाई म्हणतात आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

गाडी ऑटोमॅटिक आहे. म्हणजे क्लच नाही, गिअर टाकायची कटकट नाही. आता पहिला पुरे, दुसरा घ्यावा, हे गाडीचं गाडीच ठरवते. इतके दिवस ती हे कुणाला कळू न देता ठरवायची. अलीकडे मात्र ठरवताना खेकसायला लागली होती. सिग्नल सुटून गाडी जरा वेगात आली, की मागून कुणी पाठीत गुडघा घालावा तसा धक्का बसायचा. मागे बसलेल्या सासूबाई दर धक्क्याला "आई गं" म्हणायच्या आणि मग आरशातून माझ्याकडे बघायच्या. बोलायच्या काही नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी वर्कशॉपमध्ये नेली. हिसका कधी बसतो, इंजिन गार असताना किती, गरम झाल्यावर किती, सगळं मी मेकॅनिकला सविस्तर सांगितलं. त्यानं मान हलवत ऐकून घेतलं आणि माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाला, "मॅडमना सांगा, पाय जरा हलका ठेवा."

माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नाही. पेट्रोलचं झाकण कोणत्या बाजूला आहे हे त्याला आजही बघून सांगावं लागतं. पण तो म्हणाला, "सांगतो." आणि घरी येताना त्यानं खरोखरच सांगितलं.

गिअरचं तेल बदलायचं का, असंही मी विचारलं होतं. त्यावर मेकॅनिक, पुन्हा नवऱ्याकडेच बघत, म्हणाला की ते आयुष्यभराचं असतं, त्याला हात लावायचा नसतो. गाडीचं की माझं आयुष्य, हे त्यानं स्पष्ट केलं नाही. घरी आल्यावर गाडीचं पुस्तक काढून बसले, म्हणजे उभ्यानंच वाचलं. तेल बदलावं असं त्यात स्वच्छ छापलेलं होतं. कसं बदलावं याची चित्रंही होती. एक मोठा बोल्ट खाली, तेल सोडायला. एक वर, तेल भरायला. दोन बोल्टांचा तर प्रश्न होता. मी तिथल्या तिथे ठरवलं की हे घरी करायचं, मी करायचं, आणि येत्या शनिवारीच करायचं.

शनिवारीच का, तर रविवारी गाडी हवी होती. आणि ती का हवी होती हे सांगायचं तर सासूबाईंच्या बहिणीपासून सुरुवात करावी लागते.

ह्या दोघी बहिणी काही वर्षांपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. झालं होतं एवढंच, की मावशी एकदा आमच्याकडे आल्या असताना, बोलता बोलता पदरानं वारा घेत म्हणाल्या, "तुझ्या घरात जीव गुदमरतो बाई." सासूबाई म्हणाल्या, "मग नको येत जाऊस." मावशी उठल्या, चपला घातल्या आणि ह्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही म्हणून गेल्या. सासूबाईंनी जिन्यापर्यंत जाऊन, मीही तुझ्या घरात ठेवणार नाही, असं वरून ऐकवलं. तेव्हापासून दोघी आपापल्या शब्दाला जागत होत्या. परवा कधीतरी मावशींच्या मुलीनं आणि माझ्या नवऱ्यानं फोनवर बराच खल करून मार्ग काढला. मावशींनी आमच्या घरी यायचं नाही, सासूबाईंनी त्यांच्या घरी जायचं नाही. आम्ही गाडी घेऊन त्यांच्या दारात जायचं, त्यांनी गाडीत बसायचं आणि मी दोघींना फिरवून आणायचं. बोलल्या तर बोलल्या. टॅक्सीला दोघींचाही विरोध. परक्या ड्रायव्हरसमोर घरचं काढायचं का, हे दोघींनी दोन वेगवेगळ्या घरांत, एकमेकींना न विचारता, शब्दाला शब्द सारखं म्हटलं. बहिणीच त्या.

तर अशा गाडीत हिसका बसणं बरं दिसलं नसतं. आधीच नाजूक मामला, त्यात दर चौकात दोघी एकमेकींच्या अंगावर आदळणार.

शनिवारी सकाळी मी जुना पंजाबी ड्रेस घातला, केसांना फडकं बांधलं आणि पान्यांचा डबा घेऊन खाली पार्किंगमध्ये उतरले. पहिलं झाकण उघडायच्या आत आमच्या इमारतीचे सेक्रेटरी हजर. हे गृहस्थ सकाळी फेऱ्या मारतात ते तब्येतीसाठी, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मला भिंतीवरची पाटी दाखवली. आवारात वाहनदुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे. मी म्हटलं, ही दुरुस्ती नाही, देखभाल आहे. मी विमा कंपनीत दावे तपासते, शब्दांचा कीस पाडण्यावरच माझं पोट आहे. पण सेक्रेटरीही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. देखभाल आणि दुरुस्ती यांतला फरक कमिटीनं ठरवायचा असतो, आणि कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, असं ते म्हणाले. बरीच घासाघीस झाल्यावर शेजारच्या पार्किंगवाल्याचं ना हरकत पत्र आणलं तर डोळेझाक करायला ते तयार झाले. डोळेझाकही लेखीच हवी होती त्यांना.

शेजारचं पार्किंग कप्तान काकांचं. काका जहाजावर नोकरीला होते. त्यांचं काम कोठारातल्या सामानाचा हिशेब ठेवण्याचं होतं, पण त्यांच्याभोवती समुद्र होता ही गोष्ट खरी, आणि तेवढ्यावर इमारतीनं त्यांना कप्तान केलं. काकांनी पत्र दिलं, पण अटीवर. कामावर देखरेख त्यांची राहील. मी हो म्हटलं, कारण मला खाली जायची घाई झाली होती. काका कपडे करून, टोपी घालून, घडीची खुर्ची घेऊन आले. खुर्ची मांडली आणि जहाजाचा गिअरबॉक्स केवढा असतो ते हातवारे करून सांगायला लागले. त्यात माणूस उभा राहू शकतो म्हणे. माझ्या गाडीखाली तर माणूस आडवाही धड मावत नव्हता.

त्या मापानं गाडी उंच करणं आलं. काकांच्या माळ्यावर जाडजूड लाकडी ठोकळे होते. कशासाठी जपले होते ते त्यांनाही आठवेना. पुढची चाकं उतरत्या ठोकळ्यांवरून मी हळूच चढवली, मागची जॅकनं उचलून ठोकळ्यांवर टेकवली, चारही चाकांना पुढून-मागून पाचरी मारल्या. गाडी हातभर उंच, अगदी सपाट उभी राहिली. फक्त मागचं एक दार खांबाला लागून उघडेना. एवढ्यात दुपार टळली. येणारे-जाणारे थांबत होते आणि सल्ले देत होते. एकानं सांगितलं, गाडी विकून टाका. दुसऱ्यानं सांगितलं, तेल थंड असताना सोडा. तिसरा म्हणाला, उकळी फुटल्यावर सोडा. सगळे सल्ले काकांच्या खुर्चीकडे बघून दिले जात होते. मी गाडीखाली, त्यामुळे त्यांना दिसायचे ते फक्त माझे पाय.

संध्याकाळी एकदाचा खालचा बोल्ट सुटला. तेल आलं ते काळंभोर. लालसर असावं असं पुस्तकात लिहिलेलं होतं. हे जन्मभर पुरणार होतं म्हणे. मी ते ट्रेमध्ये धरलं, एक थेंब सांडू दिला नाही. जेवढं निघालं तेवढंच नवं भरायचं, असा सरळ हिशेब होता. खालचा बोल्ट पुसून परत लावला, हात पुसले आणि वरचा बोल्ट उघडायला गेले. तो हलेना.

मी लोंबकळले, पान्यावर पाय दिला, बोल्टला चांगलं म्हटलं, वाईट म्हटलं. ढिम्म. पुस्तक उघडलं. पुढच्याच पानावर चौकटीत, ठळक अक्षरात, छापलं होतं: आधी वरचा बोल्ट उघडतो याची खात्री करावी, मगच खालचा सोडावा. पान उलटायची घाई मला नडली नव्हती, न उलटायची नडली होती. अशा प्रकारचे दावे कचेरीत माझ्या टेबलावर येतात. मी त्यांवर लाल शाईनं "स्वतःच्या निष्काळजीपणामुळे" असं लिहून फाईल बंद करते आणि चहा प्यायला जाते.

तेलाशिवाय गाडी हलवता येत नव्हती. बोल्टाशिवाय तेल भरता येत नव्हतं. काकांनी बोल्ट तापवायचा उपाय सुचवला. सेक्रेटरी कुठूनसे प्रकटले आणि आवारात ज्योत पेटवण्यास मनाई असल्याचं त्यांनी सांगितलं. त्याचीही पाटी होती.

वर गेले तर सासूबाई कपाटासमोर उभ्या. दुसऱ्या दिवशी कोणती साडी नेसायची ते ठरत नव्हतं. फिकट निळी काढली होती, मग ती ठेवून हिरवी काढली. निळी मावशींनीच कधीतरी दिलेली, त्यामुळे ती नेसली तर पडतं घेतल्यासारखं होईल आणि नाही नेसली तर मुद्दाम टाळल्यासारखं. त्यांनी माझ्या काळ्या हातांकडे बघितलं आणि विचारलं, "होईल ना गं उद्यापर्यंत?" सासूबाई मला प्रश्न असे विचारत नाहीत. त्या सांगतात. म्हणून मी "होईल" म्हटलं आणि ती रात्र या कुशीवरून त्या कुशीवर काढली.

सकाळी नवऱ्याला खाली नेलं. तो यायला तयार नव्हता, पण आईचा प्रश्न होता. पान्याच्या दांड्याला लांब पाईप जोडला, म्हणजे जोर वाढतो. बॉनेट उघडून, तो वरून पाईपवर रेलणार आणि मी बोल्टवर पाना धरून ठेवणार. काका खुर्चीवरून ताल देत होते. नवरा रेलला. काही नाही. मी म्हटलं, "अरे, जीव लाव." तो म्हणाला, "लावलाय." आणि त्यानं उरलेलाही लावला. बोल्ट कर्रकन ओरडून सुटला, पाईप फिरला, नवरा स्वतःभोवती गिरकी घेऊन मागे गेला आणि मी जिवापाड जपून बाजूला ठेवलेल्या त्या ट्रेमध्ये बसला. व्यवस्थित, मांडी घालायला बसावं तसा.

मला वाईट वाटलं. पण आधी बोल्टचा आनंद झाला हे कबूल केलं पाहिजे, आणि त्यानंतर लगेच तेलाचं दुःख झालं. कारण किती तेल निघालं होतं ते मोजायचं राहिलं होतं, आणि आता त्यातलं निम्मं फरशीवर होतं आणि निम्मं नवऱ्याच्या पँटमध्ये. वर जाताना जिन्यावर त्याची पावलं उमटली. ती बघत बघत सेक्रेटरी त्याच्या मागोमाग गेले.

आता पुस्तकातला दुसरा उपाय उरला. खालच्या बोल्टाशेजारी एक लहानसं, बूच लावलेलं भोक आहे. तेल जरा जास्तच भरायचं, इंजिन चालू करायचं, कुणीतरी आत बसून ब्रेक दाबायचा आणि गिअरचा दांडा एकेका ठिकाणी फिरवायचा. जास्तीचं तेल त्या भोकातून धार लागून बाहेर येतं. धार तुटून थेंब पडायला लागले की झालं, भोक बंद. पण आत बसणार कोण? नवरा न्हाणीघरात. काकांनी, देखरेख करणाऱ्यानं चाक हातात घ्यायचं नसतं, असं सांगितलं. मग कळलं की त्यांनाही चालवता येत नाही.

तोवर मावशींना न्यायची वेळ टळून गेली होती. नवऱ्यानं न्हाणीतूनच त्यांच्या मुलीला फोन केला, गाडीचं तेल काढलंय, आज जमेलसं दिसत नाही. मी इकडे खाली तेल भरते आहे, एवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली आणि मावशी उतरल्या. तेल काढलंय हे त्यांना निमित्त वाटलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आल्या होत्या. त्यांनी ठोकळे बघितले, फरशी बघितली, मला बघितलं. माझ्या कपाळावर बहुतेक तेल होतं.

"म्हणजे खरंच काढलंय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मावशी, वर चला. त्यांनी मान हलवली. घरात यायचं नव्हतं ना. ठरल्याप्रमाणे त्या गाडीत बसणार होत्या, तर गाडीतच बसतात म्हणाल्या. मागचं दार खांबाला लागलेलं आहे हे सांगायच्या आत त्यांनी सरळ पुढचं दार उघडलं आणि पाय उचलून स्टिअरिंगसमोर जाऊन बसल्या. सासूबाईंनी हे वरून गॅलरीतून बघितलं असणार, कारण थोड्याच वेळात त्या खाली आल्या. निळी साडी नेसून. पलीकडच्या बाजूनं मागच्या सीटवर चढल्या, पदर सावरला आणि काचेतून बाहेर बघत बसल्या. मावशी पुढच्या काचेतून बाहेर बघत होत्या. दोन्हीकडे फक्त खांब होते.

मावशींनी लग्नानंतर काही वर्षं यजमानांची जीप चालवली होती, हे मला ऐकून माहीत होतं. मी खिडकीशी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "ब्रेक म्हणजे डावीकडचा ना?" मला तेवढं पुरे होतं. मी इंजिन चालू करून दिलं, पाचरी पुन्हा एकदा ठोकल्या, हातब्रेक ओढला आणि गाडीखाली सरपटले. भोक उघडल्याबरोबर तेलाची धार लागली. लाल, स्वच्छ.

मी खालून ओरडले की ब्रेक दाबून ठेवा. इंजिनाच्या आवाजात मावशींना ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडले. मागची काच खाली होती, सासूबाईंना ऐकू गेलं होतं. वर मागची सीट करकरली. मग सासूबाईंचा आवाज आला.

"ब्रेक दाबून ठेवायचाय."

"दाबलाय," मावशी म्हणाल्या.

कित्येक वर्षांनी झालेलं त्यांचं हे पहिलं बोलणं. पण धार चालू होती आणि गिअर तर फिरवायला हवे होते. मी रिव्हर्स म्हटलं.

"मागे टाक म्हणते."

"टाकलं. मला मागे टाकायची तुला सवयच आहे."

मी घाईनं न्यूट्रल म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "आता मधे. ना इकडं ना तिकडं." मावशी म्हणाल्या की तसं राहणं तुला कधी जमलंय. मी मनात म्हटलं, झालं, बोल्ट सुटला पण ह्या दोघी आता सुटणार नाहीत. तरीपण ड्राइव्ह म्हणावंच लागलं.

"पुढे टाक," सासूबाई म्हणाल्या. दांडा हलला नाही. "पुढे टाक म्हणते ना ती. टाक की."

"टाकते. तू आधी एक सांग. मी त्या दिवशी गुदमरतं म्हटलं, ते तुझ्या घराला नावं ठेवायला म्हटलं असं वाटलं तुला?"

"मग कशाला?"

"मला श्वास लागत होता. दमा निघाला पुढे. तेव्हा मला तरी कुठे कळलं होतं?"

इंजिन गुरगुरत होतं. मग सासूबाईंनी अगदी लहान आवाजात विचारलं, "मग सांगायचं नाही?"

"कुणाला सांगणार? तू म्हणालीस, नको येऊस."

दांडा खटकन ड्राइव्हवर पडला. त्यानंतर वर कुणीतरी नाक ओढलं. कोण ते मला खालून कळलं नाही. माझ्या कानाशेजारची धार बारीक झाली, तुटली आणि थेंब पडायला लागले. भोक त्याच क्षणी बंद करायचं असतं. मी मात्र वरचं ऐकत राहिले. आणि तेवढ्यात गाडी ठोकळ्यांवर जराशी पुढे डुलली, पाचरी करकरल्या. मावशी डोळे पुसत होत्या आणि त्यांचा पाय सैल सुटला होता.

"ब्रेक दाब गं," सासूबाई म्हणाल्या, "माझी सून खाली आहे."

मावशींनी ब्रेक असा दाबला, की नंतर दांडा पार्कवर टाकून इंजिन बंद केलं तरी त्यांचा पाय उचलेना. मी भोक बंद केलं, घट्ट केलं आणि बाहेर आले. सासूबाई मागच्या सीटवरून पुढे वाकल्या होत्या आणि त्यांचा हात मावशींच्या खांद्यावर होता. काका खुर्चीची घडी घालत सगळ्यांना सांगत होते की देखरेख असली की कामं होतात.

गाडी खाली उतरवली. नवरा स्वच्छ कपड्यांत आला आणि त्यानं सीटवर आधी वर्तमानपत्र अंथरलं. स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी. मावशी आता मागे, सासूबाईंशेजारी. मी गाडी रस्त्यावर काढली. पहिल्यावरून दुसऱ्यावर गेली ते कळलंच नाही. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेली तेही नाही. दोन चौक गेल्यावर मला राहवेना आणि मी विचारलं, काही जाणवतंय का. मागे दोघी इनहेलर कोणता चांगला यावर बोलत होत्या आणि मधूनच भांडतही होत्या. नवऱ्यानं विचारलं, "काय जाणवायला हवं होतं?" मी त्याला काही बोलले नाही. त्या दिवसापुरतं त्याचं पुष्कळ सोसून झालं होतं.

मावशींच्या दारात गाडी उभी केली. मावशी उतरल्या. दार धरून उभ्याच राहिल्या. सासूबाई समोर बघत होत्या.

"जिने चढवतात का गं तुला अजून?" मावशींनी विचारलं.

"तू चढतेस ना दमा घेऊन," म्हणत सासूबाई खाली उतरल्या. दोघी कठड्याला धरून, पायरी पायरीवर थांबत वर गेल्या. नवरा त्यांची पिशवी घेऊन मागोमाग. अशा अवतारात मला कुणाच्या घरी जायचं नव्हतं. मी गाडीतच थांबते म्हटलं.

थांबणं जमेना. सीटवर थोडा वेळ चुळबुळ केली, मग उतरले, गाडीभोवती फिरले. शेवटी त्या अनोळखी गल्लीत, जाणारे-येणारे बघत असताना, मी रस्त्यावर आडवी झाले आणि गाडीखाली डोकं घातलं. दोन्ही बोल्टांवरून बोट फिरवलं. कोरडे. खालच्या जमिनीवर हात फिरवला. एक थेंब नाही. वरून गॅलरीतून सासूबाईंनी हाक मारली, ये, चहा झालाय, मावशी म्हणते तशीच ये.

"आले," म्हटलं, आणि तशीच पडून राहिले. वर दोघींचं पुन्हा सुरू झालं होतं, साखरेवरून बहुतेक. उठावंसं वाटत नव्हतं.